मुलांना पैशाचे शिक्षण : घरातील सवयी, वयानुरूप धडे आणि बँकांचे नियम

हाती आलेल्या पैशाचे नियोजन करणे, गरज आणि हौस यांतील फरक ओळखणे, बचत करणे, कर्जाचा अर्थ समजून घेणे आणि फसवणुकीपासून स्वतःला जपणे, या सर्व गोष्टींना एकत्रितपणे आर्थिक साक्षरता असे म्हटले जाते. शाळेच्या गणितात सरळव्याज, चक्रवाढव्याज आणि नफा-तोटा यांची उदाहरणे असतात. मात्र हातातले पन्नास रुपये आजच खर्च करावेत की पुढील महिन्यासाठी राखून ठेवावेत, या निर्णयाचा सराव मूल घरातच करते. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ सालच्या देशव्यापी सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के प्रौढ व्यक्तीच आर्थिकदृष्ट्या साक्षर असल्याचे आढळले होते. याचा अर्थ, ज्या घरांतून मुलांनी हे धडे घ्यायचे, त्यांतील बहुतेक घरांत मोठ्यांनाही ते पुरेसे मिळालेले नाहीत.

भारतीय कुटुंबांत पैशाचा विषय मुलांसमोर टाळण्याची प्रथा जुनी आहे. पगार किती, उसनवारी कोणाची, हप्ता कधीपर्यंत, हे प्रश्न मुलांनी विचारू नयेत अशी अपेक्षा असते. तरीही मुले घरातील व्यवहार पाहत असतातच. आई भाजीवाल्याकडे भाव कसा करते, वडील विजेचे देयक वेळेवर भरतात की दंड झाल्यावर, घेतलेले उसने पैसे परत केले जातात की नाही, या निरीक्षणातून त्यांची मते घडतात. म्हणूनच या शिक्षणात पालकांच्या उपदेशापेक्षा त्यांच्या वागणुकीला, विशेषतः मुलाच्या पैशाबाबत दिलेला शब्द पाळण्याला, अधिक महत्त्व आहे.

वय आणि समज

ब्रिटनमधील मनी ॲडव्हाइस सर्व्हिस या संस्थेसाठी केंब्रिज विद्यापीठाचे डेव्हिड व्हाइटब्रेड आणि स्यू बिंगहॅम यांनी २०१३ साली सादर केलेल्या अहवालात, पैशाच्या वापराशी निगडित अनेक मूलभूत सवयींची घडण वयाच्या सातव्या वर्षापर्यंत झालेली असते, असे प्रतिपादन केले होते. थांबण्याची तयारी, आधी विचार करून निवड करणे आणि परिणामांचा अंदाज घेणे या सवयी त्यात येतात. त्यामुळे मूल मोठे होऊन कमवू लागेपर्यंत हा विषय पुढे ढकलणे योग्य ठरत नाही.

तीन ते सहा वर्षे : या वयात नाणी आणि नोटा ओळखणे, वस्तू पैसे देऊन आणली जाते हे समजणे आणि एका वेळी एकच वस्तू निवडणे एवढे पुरेसे असते. नोटेवरील चित्रांची येथे चांगली मदत होते. महात्मा गांधी नव्या मालिकेतील २० रुपयांच्या नोटेवर वेरूळची लेणी, ५० रुपयांच्या नोटेवर हंपीचा दगडी रथ, १०० रुपयांच्या नोटेवर गुजरातमधील राणी की वाव आणि ५०० रुपयांच्या नोटेवर दिल्लीचा लाल किल्ला आहे. नोटेच्या मागील बाजूस असलेल्या भाषापट्टीत १५ भाषांतून मूल्य छापलेले असते. त्यात मराठी ओळ शोधण्याचा खेळ मुलांना आवडतो.

सात ते दहा वर्षे : किराणा दुकानात यादी घेऊन जाणे, परत आलेली चिल्लर मोजणे, दोन पाकिटांवरील वजन आणि छापील किंमत यांची तुलना करणे ही कामे या वयातील मुले करू शकतात. आजी-आजोबांकडून जुन्या चलनाची माहिती घेता येते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत लागू होण्यापूर्वी एक रुपया १६ आण्यांचा, म्हणजे ६४ पैशांचा असे. मुंबईतील फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय २००४ पासून असून, प्राचीन नाण्यांपासून आधुनिक नोटांपर्यंतचा प्रवास तेथे पाहावयास मिळतो.

अकरा ते चौदा वर्षे : या टप्प्यावर जमाखर्चाची वही, बँकेतील खाते, व्याज आणि महागाई यांची ओळख करून द्यावी. घरातील एखाद्या खर्चाची, उदाहरणार्थ सहलीची किंवा वाढदिवसाच्या कार्यक्रमाची, आखणी मुलांकडे सोपवता येते.

पंधरा ते अठरा वर्षे : उच्च शिक्षणाचा खर्च, शैक्षणिक कर्ज, विमा, कर आणि इंटरनेटवरील व्यवहार हे विषय या वयात समजतात. घराचे मासिक अंदाजपत्रक मुलांसमोर मांडण्यास हा काळ योग्य आहे.

संयम आणि विश्वास

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोर ठेवलेला एक खाऊ लगेच खायचा, किंवा थोडा वेळ थांबून दुप्पट मिळवायचा, असा पर्याय लहान मुलांना देण्यात येत असे. थांबू शकणारी मुले पुढील आयुष्यात अधिक यशस्वी होतात, असा निष्कर्ष त्यावरून दीर्घकाळ काढला गेला. टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात मात्र, कुटुंबाची परिस्थिती लक्षात घेतल्यास हा संबंध बराच क्षीण होतो, असे दिसून आले.

रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पालकांच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांचे दोन गट करण्यात आले. चित्रकलेचे अधिक चांगले साहित्य आणून देतो, असे दोन्ही गटांना सांगितले गेले. एका गटाला ते मिळाले, तर दुसऱ्या गटाला साहित्य शिल्लक नसल्याचे सांगण्यात आले. त्यानंतर खाऊचा प्रयोग झाला. शब्द पाळला गेलेल्या गटातील मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. शब्द मोडला गेलेल्या गटातील मुलांनी सरासरी तीन मिनिटांतच खाऊ संपवला. मोठ्यांच्या शब्दावर विसंबता येत नसेल, तर आहे ते ताबडतोब वापरून टाकणे हाच मुलाच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग ठरतो.

भारतीय घरांत याची कसोटी सणासुदीला लागते. भाऊबीजेची ओवाळणी, वाढदिवसाचे पाकीट, ईदी किंवा निरोप घेताना पाहुण्यांनी हातावर ठेवलेली नोट मुलाकडून ‘माझ्याकडे दे, मी ठेवते’ असे म्हणून घेतली जाते आणि पुढे घरखर्चात मिसळून जाते. गल्ल्यातील पैसेही अडचणीच्या वेळी गुपचूप काढले जातात. गरज खरी असली, तरी मुलाला न विचारता घेतलेल्या या पैशातून बचत करणे व्यर्थ असल्याचा धडा त्याला मिळतो. अशा वेळी मुलाला कारण सांगून पैसे मागावेत, रक्कम आणि परतीची तारीख त्याच्या वहीत लिहावी आणि त्या तारखेला ती परत करावी. उधारी म्हणजे काय आणि ती कशी फेडली जाते, हे मुलाला समजावण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

खाऊचे पैसे

मुलांना ठरावीक रक्कम द्यावी की मागतील तेव्हा द्यावे, याबाबत कुटुंबागणिक मतभेद आढळतात. मागेल तेव्हा पैसे मिळाल्यास मूल मागण्याचे कौशल्य शिकते. ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम मिळाल्यास ती पुरवून वापरण्याची सवय लागते. रक्कम घराच्या ऐपतीनुसार ठरवावी आणि ती मोठी असण्याची गरज नाही. लहान मुलांना आठवड्याने आणि बारा वर्षांनंतर महिन्याने पैसे देणे सोयीचे ठरते.

उदाहरणादाखल, नऊ वर्षांच्या मुलीला आठवड्याला ५० रुपये मिळतात असे मानले, तर त्यांपैकी ३० रुपये खर्चासाठी, १५ रुपये बचतीसाठी आणि ५ रुपये दुसऱ्याला मदत म्हणून देण्यासाठी अशी विभागणी करता येईल. तिला ३०० रुपयांची रंगपेटी हवी असल्यास त्यासाठी २० आठवडे लागतील. सातव्या आठवड्यात वडिलांनी लाडाने ती रंगपेटी आणून दिली, तर बचतीचा हेतूच संपतो. त्याऐवजी निम्मी रक्कम तिने साठवल्यावर उरलेली निम्मी पालकांनी घालण्याचा करार आधीच करता येतो. त्यामुळे प्रतीक्षा दहा आठवड्यांवर येते आणि तिचे प्रयत्नही कायम राहतात.

दिलेले पैसे मुलाने कसे खर्च करावेत, यात पालकांनी वारंवार हस्तक्षेप करू नये. एखाद्या मुलाने सर्व पैसे पहिल्याच दिवशी तकलादू खेळण्यावर उडवले, तर पुढील आठवडाभर त्याला रिकाम्या हाताने राहू द्यावे. या वयातील चूक ५० रुपयांची असते. हाच अनुभव पंचविसाव्या वर्षी पहिल्या पगाराच्या भरवशावर घेतलेल्या कर्जातून आला, तर त्याची किंमत कैक पटींनी अधिक असते.

अभ्यास, परीक्षेतील गुण किंवा घरकाम यांसाठी पैसे देण्याचा मोह टाळावा. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बक्षिसाचे आमिष दाखवून चित्रे काढून घेतलेल्या बालवाडीतील मुलांची चित्रकलेची गोडी नंतर कमी झाल्याचे आढळले होते. ताट उचलणे, अंथरूण घालणे ही घरातील सर्वांची कामे आहेत. जुनी रद्दी निवडून विकणे यासारख्या एखाद्या जादा कामाचा मोबदला मात्र ठरवून देता येतो.

गल्ल्यापासून खात्यापर्यंत

थोड्या थोड्या रकमेतून बचत उभी करण्याची परंपरा भारतात जुनी आहे. उडुपी येथे १९२५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने १९२८ साली पिग्मी ठेव योजना सुरू केली. प्रतिनिधी रोज घरोघरी जाऊन दोन आण्यांइतकी लहान रक्कमही गोळा करीत. महाराष्ट्र आणि गोव्यातील पतसंस्थांत पिग्मी हा शब्द आजही रूढ आहे. ही बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. अनेक शाळांत ‘संचयिका’ या नावाने विद्यार्थ्यांची बचत बँकही चालत असे.

मुलांच्या बँक खात्यांबाबत रिझर्व्ह बँकेने ६ मे २०१४ रोजी काढलेल्या परिपत्रकाने दहा वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते उघडून चालवण्याची मुभा दिली. २१ एप्रिल २०२५ च्या सुधारित सूचनांनुसार कोणत्याही वयाच्या मुलाच्या नावे नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकामार्फत बचत किंवा मुदत ठेव खाते उघडता येते, तसेच आईलाही पालक म्हणून ते उघडता येते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्रपणे खाते चालवता येते. त्यातील रकमेची मर्यादा आणि अटी प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. एटीएम कार्ड, धनादेश पुस्तिका किंवा इंटरनेट सुविधा देण्याचा निर्णयही बँकेचा असतो. अशा खात्यात नेहमी शिल्लक असणे बंधनकारक असून, त्यातून जादा उचल घेता येत नाही. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर नव्याने सही आणि सूचना घेतल्या जातात. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावे बचत खाते उघडता येते. हे नियम देशभर सारखे असल्याने कोल्हापूर, बडोदा, इंदूर किंवा हैदराबाद येथील कुटुंबांना ते समान रीतीने लागू होतात.

पालक म्हणून आईच्या अधिकाराचा प्रश्न न्यायालयातही गेला होता. लेखिका गीता हरिहरन यांनी अल्पवयीन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांसाठी केलेल्या अर्जावर वडिलांची सही मागण्यात आली होती. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली, वडील हयात असतानाही विशिष्ट परिस्थितीत आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असा निर्णय दिला.

मुलासाठी केलेली बचत आणि मुलाने केलेली बचत यांत फरक करणे आवश्यक आहे. २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना दहा वर्षांखालील मुलींसाठी असून, तीत वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. पैसे १५ वर्षे भरावयाचे असतात आणि खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पूर्ण होते. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. २०२४ साली सुरू झालेली एनपीएस वात्सल्य ही निवृत्तिवेतनाशी जोडलेली योजनाही पालकांनी मुलांसाठी करावयाच्या गुंतवणुकीची आहे. या योजना उपयुक्त असल्या, तरी त्यांतून मुलाला निर्णयाचा सराव मिळत नाही. तो सराव त्याच्या स्वतःच्या लहानशा खात्यातून आणि पासबुकातील नोंदींतून मिळतो. मुलाच्या नावे ठेवलेल्या ठेवीवरील व्याज साधारणपणे अधिक उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नात धरले जाते, हेही लक्षात ठेवावे.

व्याज, महागाई आणि कर्ज

व्याजाचा अर्थ मुलांना प्रत्यक्ष आकड्यांतून सांगावा. वर्षाला चार टक्के व्याजाने ठेवलेल्या १,००० रुपयांचे वर्षाअखेरीस १,०४० रुपये होतात. त्याच वर्षात महागाई सहा टक्क्यांनी वाढली असे मानल्यास १,००० रुपयांची सायकलची दुरुस्ती १,०६० रुपयांवर जाते. खात्यातील रक्कम वाढूनही २० रुपये कमी पडतात. सर्व बचत एकाच जागी ठेवणे नेहमीच पुरेसे का नसते, हे एवढ्या उदाहरणातून कळते.

कर्जाच्या बाबतीत बोलण्यातील शब्दांकडे लक्ष द्यावे लागते. सावकारी व्यवहारात व्याज ‘शेकडा तीन’ असे सांगितले जाते, तेव्हा ते दरमहा असते. वर्षाला ते ३६ टक्के होते. दहा हजार रुपयांवर दोन वर्षे केवळ व्याजच भरले, तर ७,२०० रुपये जाऊनही मुद्दल तसेच राहते. ‘सुलभ हप्त्यां’च्या जाहिरातीचे गणितही मुलांकडून करून घ्यावे. बारा हजारांच्या फोनसाठी १,१५० रुपयांचे बारा हप्ते भरले, तर एकूण १३,८०० रुपये होतात. म्हणजेच १,८०० रुपये लगेच घेण्याच्या सोयीसाठी मोजले जातात.

कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या आधारे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. हे संरक्षण अठराव्या वाढदिवशी संपते. त्यानंतर कर्जाचे प्रस्ताव मोबाइलवर येऊ लागतात. त्यापूर्वीची वर्षे सरावासाठी उपलब्ध असतात.

मोबाइलमधील पैसा

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय प्रणाली सुरू झाल्यापासून घरातील रोख व्यवहार झपाट्याने कमी झाले. नोट हातातून जाताना दिसते, तशी पडद्यावरील रक्कम दिसत नाही. त्यामुळे लहान मुलांना पैसा अमर्याद वाटू शकतो. सुरुवातीची काही वर्षे खाऊचे पैसे रोखीनेच द्यावेत आणि मोबाइलवरून पैसे भरल्यावर खात्यातील शिल्लक किती उरली, ते मुलांना दाखवावे.

सुरक्षिततेचे काही नियम घरातील प्रत्येकाला पाठ असावेत. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला गेला, तर पैसे आपल्या खात्यातून जाणार आहेत असे समजावे. ओटीपी आणि कार्डावरील क्रमांक कोणालाही सांगू नयेत. फसवणूक झाल्यास तातडीने १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. तथापि, इतर खेळांतही आभासी वस्तूंची खरेदी असते. पालकांचे कार्ड त्या खेळांशी जोडलेले ठेवू नये.

चूक घडल्यावर मूल घरी येऊन सांगेल की लपवेल, हे आधीच्या अनुभवावर अवलंबून असते. दहा रुपये हरवल्यावर मार बसलेले मूल दहा हजारांची फसवणूक सांगण्यास धजावत नाही. आधी खाते सुरक्षित करावे, तक्रार नोंदवावी आणि चुकीची चर्चा त्यानंतर शांतपणे करावी.

अडचणीच्या काळातील संवाद

नोकरी जाणे, पीक बुडणे किंवा आजारपण अशा प्रसंगी घरातील तणाव मुलांपासून लपत नाही. कारण न सांगितल्यास ती स्वतःलाच दोष देण्याची शक्यता असते. वयाला झेपेल एवढी वस्तुस्थिती, कमी होणारे खर्च आणि कायम राहणाऱ्या गोष्टी त्यांना सांगाव्यात. उदाहरणार्थ, यंदा सहल होणार नाही, मात्र शाळा आणि जेवण यांत बदल होणार नाही, असे स्पष्ट वाक्य मुलांना धीर देते. कर्जाची संपूर्ण रक्कम आणि मोठ्यांमधील भांडणे त्यांच्यावर लादू नयेत.

मुलगा आणि मुलगी यांच्यात भेद होणार नाही, याकडेही लक्ष द्यावे. बाजारहाट व बँकेची कामे मुलाला आणि काटकसरीचे धडे मुलीला, अशी विभागणी अनेक घरांत नकळत होते. दोघांनाही खाते, कार्ड, कर आणि गुंतवणूक यांची सारखीच माहिती मिळणे आवश्यक आहे.

सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र आर्थिक साक्षरता चाचणी घेत आले आहे. रिझर्व्ह बँकेने सोप्या भाषेतील चित्रकथा आणि पुस्तिकाही तयार केल्या आहेत. मात्र घरातील सुरुवातीसाठी एक वही, एक गल्ला आणि आठवड्यातील एक ठरलेला दिवस पुरेसा आहे. त्या दिवशी ठरलेली रक्कम न विसरता द्यावी, मुलाने वहीत जमा आणि खर्च लिहावा आणि गल्ल्यातील शिल्लक त्याने स्वतः मोजावी. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर ती शिल्लक घेऊन पालकांनी मुलाला बँकेत किंवा टपाल कार्यालयात न्यावे आणि खाते उघडण्याच्या अर्जावर सही त्यालाच करू द्यावी.